शाळेची लॅब, सात जुने पीसी आणि सिनॅप्टिक : मे-जून २०२४ च्या नोंदी

आधी थोडक्यात. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, कॉम्प्युटरचं शिक्षण वगैरे काही नाही, घरच्या लॅपटॉपवर तीन वर्षं लिनक्स मिंट वापरतोय एवढंच भांडवल. शाळेला एका बँकेच्या शाखेतून आठ जुने डेस्कटॉप मिळाले. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचाच एक फुकट प्रकार) टाकून पोरांसाठी लॅब करायची होती आणि ती शक्यतो टर्मिनल न उघडता, कारण माझ्यानंतर जो कोणी शिक्षक येईल त्याला काळ्या पडद्यावर कमांड मारायला लावलं तर लॅब दुसऱ्या दिवशी बंद. म्हणून सगळं सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजरमधून, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजं माउसने निवडून टाकता-काढता येतात त्या प्रोग्राममधून. कोणी असंच काही करत असेल तर माझ्या चुका तरी वाचतील म्हणून हे लिहून ठेवलंय. मदतीला आमचाच एक माजी विद्यार्थी होता, आता आयटीआयला आहे, त्याचा उल्लेख खाली 'पोरगा' असाच येईल.

५ मे, रविवार

निवडणुकीची ड्युटी २६ एप्रिलला संपली, मग सुट्ट्या लागल्या, तेव्हा कुठे वेळ मिळाला. आठही खोकी उघडून साफ केली. एकात उंदराचं घरटं, त्याचा मदरबोर्ड गेलेलाच होता, तो सुट्या भागांसाठी बाजूला ठेवला. बाकी सात चालतात. सगळे कोअर टू ड्युओ, रॅम २ जीबी, हार्डडिस्क १६० ते ३२० जीबी. चार पीसींना आणखी २-२ जीबी रॅम जुन्या बाजारातून, ३५० रुपये नग. पूर्ण दिवस गेला, आणि ४३ डिग्रीत पंख्याशिवाय, कारण पंखा लावला की धूळ परत पीसीत.

७ मे

डेबियन १२.५ ची पहिली डीव्हीडी इमेज मी घरूनच उतरवून आणली होती, पावणेचार जीबीच्या आसपास आहे. छोटी नेटइन्स्टवाली इमेज मुद्दाम घेतली नाही, ती बाकी सगळं नेटवरून ओढते आणि शाळेत नेट म्हणजे माझ्या फोनचा हॉटस्पॉट, दिवसाला दीड जीबी. एक्सएफसीई डेस्कटॉप निवडला, तो या मशीनना झेपतो. एका पीसीला पाऊण तास. दिवसभरात चार झाले.

एक गोष्ट इथेच सांगतो. इन्स्टॉल करताना रूटचा, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य मालक-खात्याचा, पासवर्ड विचारतात. तो दिला तर साध्या युजरला सुडो (स्वतःच्या पासवर्डवर रूटची कामं करायची सोय) चालत नाही. सिनॅप्टिक उघडताना मग रूटचाच पासवर्ड मागतं. मी पहिल्या पीसीवर तीनदा स्वतःचा पासवर्ड टाकून बसलो होतो आणि कीबोर्ड खराब आहे असं समजून कीबोर्ड बदलला.

८ मे

उरलेले तीन केले. मग एक नंबरच्या पीसीवर सिनॅप्टिक उघडलं (एक्सएफसीईबरोबर ते आपोआप येतं, वेगळं टाकावं लागत नाही). फोन यूएसबीने जोडला, टेथरिंग (फोनचं नेट पीसीला देणं) चालू केलं, रीलोड (पॅकेजांची यादी ताजी करायचं बटण) दाबलं. काही हललं नाही. मग जीकॉम्प्री (लहान मुलांच्या शैक्षणिक खेळांचा संच) शोधलं तर सापडेना. लिब्रेऑफिसची एक मराठी भाषेची फाइल सापडली ती टाकायला गेलो तर म्हणे डेबियन १२.५ ची डिस्क ड्राइव्हमध्ये घाला. ड्राइव्ह आहे कुठे, मी तर पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल केलंय.

कारण साधं होतं. डीव्हीडी इमेजवरून टाकलं आणि नेटवर्क मिरर (नेटवरचा पॅकेजांचा सर्व्हर) नको म्हणालो, की पॅकेजं कुठून आणायची त्या यादीत सीडीरॉमची ओळ राहते आणि नेटवरची मुख्य ओळ येतच नाही. सेटिंग्जमध्ये रिपॉझिटरीज उघडायचं, सीडीरॉमच्या ओळीसमोरची खूण काढायची आणि 'न्यू' दाबून डेबियनच्या मुख्य सर्व्हरची ओळ भरायची. डिस्ट्रिब्युशनच्या रकान्यात बुकवर्म (डेबियन १२ चं नाव), सेक्शनच्या रकान्यात मेन, कॉन्ट्रिब आणि नॉन-फ्री-फर्मवेअर, मध्ये फक्त स्पेस. मी स्वल्पविराम दिले होते. त्यात अर्धा तास.

मग रीलोड केलं आणि खालच्या पट्टीत साठ हजारांच्या वर पॅकेजं दिसली तेव्हा पोरगा म्हणाला, "सर, हे एवढं सगळं फुकट हाये का जी?" हो रे बाबा.

९ मे

चार नंबरवर रीलोड केलं तर एरर : रिलीज फाइल अजून वैध नाही, इतके हजार दिवस वैध होणार नाही. मी आधी सर्व्हरला दोष दिला, मग फोनच्या नेटला, मग रिपॉझिटरीची ओळ चार वेळा पुसून परत लिहिली. शेवटी पोराने कोपऱ्यातलं घड्याळ दाखवलं. पीसीच्या मते आज १ जानेवारी २००९ होता. मदरबोर्डवरचा सेल गेलेला, त्यामुळं दर वेळी लाइट गेली की तारीख मागे. सर्व्हरवरच्या यादीवर २०२४ ची तारीख, पीसी २००९ मध्ये, म्हणजे यादी भविष्यातून आलीय असं त्याला वाटतं आणि तो ती घेत नाही. बरोबरच आहे त्याचं.

सात पीसींपैकी पाचांचे सेल बदलले, नाण्याच्या आकाराचा तो घड्याळवाल्याकडे मिळणारा सेल, ३० रुपयाला एक. तुम्ही जुने पीसी घेत असाल तर हे काम पहिल्या दिवशी करा, माझी एक सकाळ गेली.

११ मे

आज सामानाची यादी केली. जीकॉम्प्री, टक्सपेंट (चित्रं काढायला), टक्समॅथ (गणिताचे खेळ), केटर्टल (प्रोग्रामिंगची ओळख), स्टेलॅरियम (आकाशदर्शन), ऑडॅसिटी (आवाज रेकॉर्ड करायला) आणि मराठीचं सगळं. मराठीचं शोधायची युक्ती : सर्चमध्ये नाव आणि वर्णन दोन्हीत शोधा हा पर्याय ठेवून इंग्रजीत 'मराठी' टाकायचं. फायरफॉक्सची मराठी भाषा, लिब्रेऑफिसची मराठी भाषा, लोहितचा मराठी फॉन्ट, टेसरॅक्टचा मराठी ओसीआर (चित्रातला मजकूर वाचणारा), शुद्धलेखनाचा ॲस्पेल, असं सगळं एका यादीत येतं. टायपिंगसाठी आयबसचं एम१७एन वालं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं, त्याच्या वर्णनात मराठी हा शब्द नाही म्हणून या यादीत येत नाही. त्यात इनस्क्रिप्ट (सरकारी कीबोर्ड मांडणी) पण आहे आणि उच्चारानुसार टाइप करायचं पण.

नावासमोरच्या चौकोनाचं गणित पोराला समजावलं : पांढरा म्हणजे पीसीवर नाही, हिरवा म्हणजे आहे, चांदणी म्हणजे नवी आवृत्ती आलीय, लाल म्हणजे बिघडलंय. आणि मार्क करणं म्हणजे इन्स्टॉल करणं नाही, अप्लाय दाबेपर्यंत काहीच होत नाही. हे सांगून मी स्वतः जेवायला जाताना खिडकी बंद केली, त्याने विचारलं की मार्क केलेलं जाईल, चालेल का, मी हो म्हणालो. तासाभराची निवड गेली. परत केली.

सगळं मार्क झाल्यावर आकडा आला, १.२ जीबी डाउनलोड. एका पीसीचा. सात पीसी म्हणजे साडेआठ जीबी आणि इथे रेंज अशी की फोन खिडकीच्या गजाला बांधावा लागतो. तेव्हा फाइल मेनूत एक पर्याय दिसला, डाउनलोड स्क्रिप्ट तयार करा असा. तो मार्क केलेल्या सगळ्या पॅकेजांच्या लिंकची एक फाइल बनवून देतो, ती दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनवर चालवायची, पॅकेजं पेनड्राइव्हवर आणायची. घरी ब्रॉडबँड आहे. फाइल पेनड्राइव्हवर घेतली. त्याआधी मार्किंग्जही सेव्ह करून ठेवली, परत निवडायची कटकट नको म्हणून.

१६ मे

मधे चार दिवस चुलत भावाच्या लग्नात गेले. स्क्रिप्ट आज रात्री घरी चालवली. सगळं उतरलं, फक्त फायरफॉक्सच्या मराठी भाषेचं पॅकेज ४०४, म्हणजे फाइल सर्व्हरवर नाही. दोनदा चालवलं, तेच. मग लक्षात आलं की मधल्या चार दिवसांत फायरफॉक्सचा सिक्युरिटी अपडेट आला आणि जुन्या आवृत्तीची फाइल सर्व्हरवरून गेली. स्क्रिप्टमध्ये आवृत्तीच्या नंबरासकट पक्की लिंक असते, ती शिळी होते. म्हणजे स्क्रिप्ट त्याच दिवशी चालवायची, नायतर परत रीलोड करून नवी बनवायची. एवढ्या एका पॅकेजसाठी परत शाळेत जाऊन स्क्रिप्ट बनवणार नव्हतो, ते नंतर हॉटस्पॉटवर घेऊ.

१८ मे

फाइल मेनूतून डाउनलोड केलेली पॅकेजं जोडा, फोल्डर दाखवलं, आणि ते सरळ इन्स्टॉलच करायला लागलं. मला वाटलं होतं आधी विचारेल. असो, हवंच होतं.

साधारण निम्मं झालं आणि लाइट गेली. यूपीएस नाही. लाइट आली ती तासाभराने. सिनॅप्टिक उघडलं तर सरळ एरर : डीपीकेजी (पॅकेजं प्रत्यक्ष बसवणारा आतला प्रोग्राम) मधेच थांबलंय, ते हाताने चालवा. इथे ग्राफिकल टूलचा हात टेकला. टर्मिनल उघडावंच लागलं. पोराला मी फोनवरून सांगावं तसं बोलून लिहायला लावलं : आधी 'एसयू' मग स्पेस मग डॅश, एंटर, रूटचा पासवर्ड, मग 'डीपीकेजी', स्पेस, दोन डॅश, 'कॉन्फिगर', स्पेस, डॅश, 'ए'. सगळं अर्थात इंग्रजीत. अर्धवट राहिलेली पॅकेजं त्याने एकेक करून लावली, पाच मिनिटांत संपलं, परत सिनॅप्टिक उघडून एडिट मेनूतलं 'फिक्स ब्रोकन' एकदा फिरवलं आणि उरलेलं अप्लाय केलं. काही बिघडलं नव्हतं. या दोन ओळी लॅबच्या भिंतीवर कागदावर लिहून चिकटवल्यात, मोठ्या मॅडमना वाटलं सुविचार आहे.

त्याच दिवशी दुसरा घोळ. पत्रकं बऱ्याचदा एरियलमध्ये येतात म्हणून मायक्रोसॉफ्टच्या फॉन्टचं इन्स्टॉलर पॅकेज टाकायला घेतलं, कॉन्ट्रिबमध्ये आहे ते. पट्टी एका जागी थांबली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, चाळीस मिनिटं. मला वाटलं हँग झालं, लाइटच्या अनुभवानंतर बंद करायची हिंमत होईना. शेवटी खालचं 'डिटेल्स' उघडलं तर आत एक निळा पडदा लायसन्स मान्य आहे का विचारत शांतपणे बसलेला. टॅब दाबून ओके. म्हणजे पट्टी थांबली की आधी डिटेल्स उघडून बघा. शिवाय हे पॅकेज म्हणजे नुसता निरोप्या आहे, खरे फॉन्ट तो इन्स्टॉल होताना बाहेरून आणतो. बाकी पीसींना ते टाकलंच नाही, लिबरेशनचे फॉन्ट आहेत ते पुरतात.

(जुन्या, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधली पत्रकं मात्र उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, ते या कशानेच सुटत नाही. ती पीडीएफ करूनच मागवा.)

१९ मे

दोन नंबर. बेत असा : एक नंबरवरची डाउनलोड झालेली पॅकेजं पेनड्राइव्हवर, त्याबरोबर मार्किंग्जची फाइल, दोन नंबरवर ती वाचायची आणि अप्लाय. ११ तारखेची फाइल घेऊन चालणार नव्हती, मधे अजून दहा-बारा गोष्टी टाकल्या होत्या, म्हणून नवी सेव्ह केली. दोन नंबरवर वाचली तर काहीच मार्क झालं नाही. फाइल उघडून बघितली, रिकामी. सेव्ह करताना खाली एक चौकट असते, फक्त बदल नाही तर पूर्ण स्थिती सेव्ह करा अशी. तिला खूण केली नाही तर ते फक्त त्या क्षणी मार्क असलेलं पण अप्लाय न झालेलंच लिहितं. माझं सगळं अप्लाय झालेलं, म्हणून रिकामी. खूण करून परत सेव्ह केली, आता फाइलीत दीड हजारांच्या वर ओळी.

दोन नंबर चालला. पण पेनड्राइव्ह घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर, कॅशच्या (उतरवलेली पॅकेजं साठतात त्या) फोल्डरला रूटची परवानगी, दर वेळी कॉपी... एकाच पीसीत वैतागलो.

२१ मे

आजचा दिवस कामी आला. ॲप्ट-कॅशर-एनजी नावाचं पॅकेज आहे, ते एक नंबरवर टाकलं. काम एवढंच की दुसऱ्या पीसींनी मागितलेलं पॅकेज ते एकदा नेटवरून आणतं आणि स्वतःकडे ठेवतं, पुढच्याने मागितलं की घरातूनच देतं. टाकताना एक प्रश्न विचारतं, टनेल चालू द्यायचे का, त्याला नाही म्हणालो.

आठ पोर्टचा स्विच ७०० रुपये, केबल आणि कनेक्टर ६००. सगळ्या पीसींना हाताने आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) दिले, एक नंबर १९२.१६८.१०.१ आणि पुढे क्रमाने. बाकी सहा पीसींना इंटरनेट दिलंच नाही, गरजच नाही. त्यांच्या सिनॅप्टिकमध्ये सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, नेटवर्क, तिथे मॅन्युअल प्रॉक्सी (मधला मध्यस्थ) म्हणून एक नंबरचा आयपी आणि पोर्ट ३१४२. रीलोड दाबलं, आणि ज्या पीसीला इंटरनेटच नाही त्याच्यावर यादी भरभर उतरली. पोरगा दोन मिनिटं केबल हातात धरून बघत होता.

आता घरून आणलेलं १.२ जीबी परत उतरवायला लागू नये म्हणून ते कॅशरच्या इम्पोर्ट फोल्डरात टाकलं, ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडून इम्पोर्टचं बटण दाबलं. उत्तर : शून्य फाइली. नावं बरोबर, परवानग्या बरोबर, शून्य. तासभर डोकं खाजवलं. त्याला आधी यादी माहीत असावी लागते, म्हणजे कुठल्यातरी पीसीवरून त्याच्यामार्फत एकदा रीलोड झालेलं असावं लागतं, तेव्हाच तो आलेल्या फाइली ओळखतो. मी ज्या पीसीवर रीलोड केलं होतं त्यावर फक्त सिक्युरिटीची ओळ होती, मुख्य ओळ भरायचीच राहिली होती. ती भरली, रीलोड, परत इम्पोर्ट, सगळ्या फाइली आत.

२२ मे

तीन ते सात, पाचही पीसी एका दिवसात. प्रत्येकाला मार्किंग्ज वाचायच्या, अप्लाय, चहा. फोनचा डेटा खर्च झाला ९० एमबी.

२४ मे

प्रिंटर. हरलो, आधीच सांगतो.

शाळेचा लेझर प्रिंटर जुना, त्याचा ड्रायव्हर डेबियनच्या यादीत नाही, कंपनीच्या साइटवर एक डेब फाइल (डेबियनसाठीचं सुटं पॅकेज) आहे. सिनॅप्टिकमध्ये अशी बाहेरची फाइल डबल क्लिकने टाकता येत नाही, म्हणून पोराने मला न विचारता टर्मिनलमधून डीपीकेजीने ठोकली. पुढच्या वेळी सिनॅप्टिक उघडलं तर खाली '१ ब्रोकन' आणि कुठलंच दुसरं पॅकेज टाकू देईना. डावीकडे कस्टम फिल्टर्समध्ये 'ब्रोकन' निवडलं तर तो एकच लाल चौकोन. प्रॉपर्टीजमध्ये डिपेंडन्सीज बघितल्या : त्याला ३२ बिटच्या जुन्या लायब्ररी हव्यात, आमची सिस्टिम ६४ बिट. ३२ बिटची यादी जोडून बघितली, त्यातही एक लायब्ररी आता बुकवर्ममध्ये नाहीच. एडिटमधलं फिक्स ब्रोकन दाबलं तर त्याने त्या पॅकेजला काढण्यासाठी मार्क केलं. मी पण म्हटलं बरोबर आहे. प्रिंटर मोठ्या मॅडमच्या लॅपटॉपला, तिथेच राहील.

६ जून

४ तारखेची मतमोजणी झाली, आज परत लॅबमध्ये. आणि आजची चूक सगळ्यात मोठी आणि शंभर टक्के माझी.

पोराला दाखवत होतो की नको असलेलं कसं काढायचं. तीन नंबरवर डावीकडच्या सेक्शन्समध्ये 'पायथन' (प्रोग्रामिंगची भाषा) दिसलं, आत ही लांबलचक यादी, सगळे हिरवे चौकोन. म्हटलं हे बघ, चौथीच्या पोरांना कुठे आपण पायथन शिकवणार आहोत, उगाच जागा खातंय. पायथन ३ वर राइट क्लिक, पूर्ण काढा. खिडकी आली, आणखी काही बदल करावे लागतील, आणि खाली यादी. पहिली सहा-सात नावं वाचली, सगळी पायथन-३-अमुक, पायथन-३-तमुक. स्क्रोलबार केवढा बारीक झालाय ते बघितलंच नाही. यादी अक्षरांच्या क्रमाने असेल, वरची अशीच तर खालचीही तशीच, असं डोक्यात. (ती बंद घड्या असतात, त्या उघडाव्या लागतात, मी एकच उघडली होती.) मार्क. अप्लाय. त्याने परत सारांश दाखवला, इतकी पॅकेजं काढणार, इतकी जागा मोकळी होणार, जागेचा आकडा बघून मी खूश.

झाल्यावर सगळं ठीक दिसत होतं. लॉगआउट करून परत आलो तर कोपऱ्यातलं मराठी टायपिंगचं चिन्ह गायब. आयबसच गेलं होतं. प्रिंटरची सेटिंग गेली. मेनूतल्या अजून चार-पाच गोष्टी दाबल्या तर उघडत नाहीत. पोरगा म्हणाला, "सर, तुमीच तं म्हणाले होते का यादी वाचून दाबाची."

झालं असं की डेस्कटॉपची बरीच छोटी टूल्स पायथनमध्येच लिहिलेली असतात. तुम्ही पायथन शिकवा न शिकवा, ती त्याच्यावर उभी असतात, आणि खालचा दगड काढला की ती पण जातात. सिनॅप्टिकने हे सगळं मला दोनदा दाखवलं होतं.

परत कसं आणलं : आधी फाइल मेनूतलं 'हिस्टरी' उघडलं. महिना, तारीख, वेळ असं झाड असतं, आजच्या १२:४० वर क्लिक केलं तर काढलेली सगळी नावं. साठच्या वर. एकेक शोधून मार्क करायला घेतली, दहा झाल्यावर आठवलं की सारखाच चार नंबर शेजारी उभा आहे. त्याच्यावर पूर्ण स्थितीवाली मार्किंग्ज सेव्ह केली, पेनड्राइव्हने तीन नंबरवर वाचली. फक्त गेलेलीच पॅकेजं मार्क झाली, बाकी आधीच होती. अप्लाय, सगळं एक नंबरच्या कॅशमधून, नेटचा एक एमबी नाही. अकरा मिनिटं. युजरच्या सेटिंग्ज त्याच पीसीवरच्या 'होम' फोल्डरात असतात म्हणून इनस्क्रिप्टची निवड पण जशीच्या तशी परत आली.

आता माझी पद्धत : काढायचं काहीही असलं की त्या खिडकीतल्या सगळ्या घड्या उघडायच्या आणि नावं मोठ्याने वाचायची. वेड्यासारखं वाटतं पण मोठ्याने वाचताना 'आयबस' जिभेवर आलं असतं तर थांबलो असतो.

१२ जून

पोराने कुठल्याशा व्हिडिओत बघितलं की लिनक्समध्ये एक्सझेड नावाच्या पॅकेजात चोरदरवाजा सापडलाय, मार्चमधली गोष्ट. त्यालाच शोधायला लावलं. सिनॅप्टिकमध्ये एक्सझेड-युटिल्स, प्रॉपर्टीज, आवृत्ती ५.४.१. गडबड होती ५.६.० आणि ५.६.१ मध्ये, ती डेबियनच्या स्टेबलमध्ये (आमची तीच, पक्की तपासलेली आवृत्ती) आलीच नव्हती. दोन मिनिटांचं काम, पण अफवा आली की आधी आवृत्ती बघायची ही सवय त्याला लागली.

२१ जून

मार्क ऑल अपग्रेड्स दाबलं की पहिल्यांदा विचारतं, डीफॉल्ट की स्मार्ट. डीफॉल्टमध्ये नवं पॅकेज लागत असेल तर तो अपडेट मागे ठेवला जातो, म्हणून कर्नल (सिस्टिमचा गाभा) मागे राहायचा. स्मार्ट घेतलं. सहा पीसी ठीक, सहा नंबर नव्या कर्नलवर काळा पडदा. जुना ग्राफिक्स चिप आहे त्याचा. सुरुवातीच्या मेनूत ॲडव्हान्स्ड पर्यायात जाऊन जुना कर्नल निवडला तर चालू.

मग सिनॅप्टिकमध्ये कर्नलच्या मुख्य पॅकेजवर 'लॉक व्हर्जन' केलं, निवांत झालो. दोन दिवसांनी परत काळा पडदा. पोराने टर्मिनलमधून अपग्रेड मारलं होतं. सिनॅप्टिकचं कुलूप सिनॅप्टिकच्याच वहीत लिहिलेलं असतं, टर्मिनलमधलं ॲप्ट (पॅकेजं टाकायची कमांड) ती वही बघतच नाही! शेवटी टर्मिनलमधून ॲप्ट-मार्क होल्ड केलं. हे कुठेतरी मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं तर बरं झालं असतं.

३० जून

काल डेबियन १२.६ आलं. नवीन काही टाकायचं नाही, स्टेबलमधलेच जमलेले अपडेट एकत्र. एक नंबरवर रीलोड आणि अपग्रेड, फोनच्या डेटाचं जास्तीचं पॅक मारावं लागलं, मग बाकी सहा कॅशमधून. सहा नंबरचा कर्नल तसाच.

खर्च : रॅम १४००, सेल १५०, स्विच ७००, केबल-कनेक्टर ६००, नवा पेनड्राइव्ह ३८०, डेटा १८०. एकूण ३४१० रुपये, एसटीचं भाडं सोडून. दिवस धरले तर पंधरा-सोळा, त्यातले निदान पाच माझ्या चुकांचे. परत करायचं झालं तर पहिल्या दिवशी सेल बदलेन, दुसऱ्या दिवशी स्विच आणि कॅशर, आणि स्क्रिप्टच्या भानगडीत फक्त कॅश भरण्यापुरताच पडेन.

१ जुलै

आमच्याकडे विदर्भात शाळा आज उघडली. सकाळी सातही पीसी चालू केले, दोन नंबरचं रीलोड चालेना. प्रॉक्सी तपासली, आयपी तपासला, रिपॉझिटरीच्या ओळी तपासल्या. मग टेबलाखाली वाकून बघितलं तर स्विचचा प्लग काढून तिथे कोणीतरी मोबाइल चार्जिंगला लावलेला. मोबाइल मोठ्या मॅडमचा निघाला, म्हणून दुपारपर्यंत तसाच ठेवला.

तिसरीचा तास ११ वाजता होता, टक्सपेंटला स्विच लागत नाही.